पोरासोरांचा कौल

सीडी मेली. तिच्याशिवाय आपण जगणार नाही असं शपथेवर सांगणारी पोरं मात्र ठणठणीत आहेत. चाळिशीला टेकली, टक्कल पडलं, गृहकर्ज निम्मं फिटलं. त्यांची पोरं आता विचारतात, ‘बाबा, सीडी म्हणजे काय?’

अमेरिकेतल्या युनिव्हिजन ह्या स्पॅनिश वाहिनीने २००४ साली ‘प्रेमिओस हुवेंतुद’ नावाचा टीव्ही सोहळा सुरू केला. युवा पुरस्कार. त्यात सर्वोत्कृष्ट अल्बमच्या पुरस्काराचं नाव होतं ‘मे मुएरो सिन एसे सेदे’. म्हणजे ती सीडी नाही मिळाली तर मी मेलोच. बाकीचे विभागही ह्याच इयत्तेतले. जिच्यामुळे माझी झोप उडाली ती पोरगी. काय झकास नाचतो तो. मला हिच्यासारखेच कपडे हवेत. आवडता रिंगटोन. आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे विरहगीतांचा विभाग, ‘कान्सिओन कोर्ताबेनास’. ऐकणाऱ्याने हाताची नस कापून घ्यावी इतकं रडवणारं गाणं.

आपल्याकडे एखाद्या वाहिनीने असा विभाग जाहीर केला असता, तर पुरस्काराआधी चौकशी समिती नेमली गेली असती. तीन माजी कुलगुरू, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दोन आमदार. अहवाल यायच्या आत गायक बाद झाला असता, वयोमानाने.

विजेता कोण ठरवतं? पोरं. परीक्षक नाहीत, जाणकार नाहीत, ‘दीर्घकाळ रसिकसेवा’ वगैरे काही नाही. लॅटिन ग्रॅमी २००० साली सुरू झालं, तिथे अकादमीचे सभासद मत देतात. संगीतातले दर्दी लोक, विचार करून, गंभीर चेहऱ्याने. प्रेमिओस हुवेंतुदमध्ये मत देते ती शाळेच्या सुट्टीत घरी बसलेली, आईचा डोळा चुकवून संगणकाला चिकटलेली पंधरा वर्षांची मुलगी. लिटल चॅम्प्सच्या दिवसांत बाबांच्या मोबाइलवरून एसएमएस पाठवून महिनाअखेरीला बोलणी खाल्लेल्यांना ह्या लोकशाहीची किंमत ठाऊक आहे.

ह्या लोकशाहीने पहिल्या काही वर्षांत काय निवडलं? आरबीडी. मेक्सिकोच्या तेलेविसाची ‘रेबेल्दे’ नावाची एक मालिका होती. श्रीमंतांच्या शाळेतली बंडखोर पोरं, आखूड स्कर्ट, सैल टाय. त्या मालिकेतल्या पात्रांनी कथानकात एक बँड काढला. मग तो बँड कथानकातून बाहेर पडून खरोखरच्या स्टेडियममध्ये गाऊ लागला आणि युवा पुरस्कार ओंजळी भरभरून घरी नेऊ लागला. दर्दी लोकांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, हा शुद्ध पोरकटपणा आहे.

बरोबर आहे. युवा पुरस्कार पोरकट नसायचे तर काय, वानप्रस्थी असायचे?

* * *

मुळात युवा म्हणजे कोण, ह्याबाबत प्युर्टो रिकोच्या लोकांनी एकेकाळी फार कडक शिस्त पाळली होती. तिथे १९७७ साली ‘मेनुदो’ नावाचा पोरांचा बँड निघाला. नियम असा की सोळा वर्षं पुरी झाली किंवा आवाज फुटला की नारळ. नवा पोरगा आत, जुना बाहेर. रिकी मार्टिन ह्याच कारखान्यातून निघाला.

आपल्याकडे युवा आघाडीचा अध्यक्ष स्वतःच्या नातवाच्या मुंजीच्या फ्लेक्सवर ‘युवा हृदयसम्राट’ म्हणून झळकतो. मेनुदोचा नियम लावायचा म्हटलं तर कार्यालयात फक्त शिपाई उरेल, तोही निवृत्तीला आलेला.

तर मुद्दा वयाचा नाही. तरुणांना काय आवडावं, हे वेळोवेळी ज्यांनी ठरवून टाकलं त्यांचा आहे. अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांच्या वाट्याला असे ठरवणारे बरेच आले. मास्तर आले, पोलीस आले, सिनेटर आल्या, वाहिनीचे साहेब आले, शेवटी खुद्द राष्ट्राध्यक्ष आले. सगळ्यांचा हेतू उदात्त. सगळ्यांचा निकाल एकच.

* * *

मास्तरांपासून सुरुवात करू.

टेक्सासमध्ये मार्फा नावाचं गाव आहे. तिथे मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी काढलेली ब्लॅकवेल नावाची शाळा होती. वेगळी काढलेली, म्हणजे गोऱ्यांच्या शाळेत नको म्हणून. शाळेच्या आवारात स्पॅनिश शब्द तोंडातून निघाला की फटके. पण पोरं ती पोरं, सवय जाईना. मग १९५४ साली शिक्षकांना एक शैक्षणिक उपक्रम सुचला. मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत भरल्या आणि ‘मिस्टर स्पॅनिश’ यांचा रीतसर दफनविधी केला. खड्डा खणला, पेटी ठेवली, माती लोटली. मयत भाषेची, आणि खांदेकरी त्याच भाषेत आईकडे पाणी मागणारी मुलं.

उपक्रमशील शिक्षक सगळ्या देशांत असतात. फक्त इतका प्रामाणिक उपक्रम क्वचित पाहायला मिळतो. आपण मुलांना इंग्रजी माध्यमात घालतो तेव्हा निदान खड्डा तरी खणत नाही. उलट फी भरतो.

पुढे २००७ साली ह्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जमून ‘मिस्टर स्पॅनिश’ यांना वर काढण्याचा समारंभ केला आणि जमिनीतून स्पॅनिश शब्दकोश बाहेर काढला. आज ती शाळा अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. भाषा गाडल्याचं स्मारक जपायला सरकारचा निधी मिळतो. गाडायला मिळाला होता तसाच.

दफन १९५४ साली. बरोब्बर पन्नास वर्षांनी, २००४ साली, त्याच देशात, त्याच भाषेत टीव्हीवर पोरं किंचाळत होती की ती सीडी नाही मिळाली तर मी मेलोच. मास्तरांच्या उपक्रमाचं मूल्यमापन कुणी केलं असेल तर ते असं.

* * *

आता पोलीस.

नव्वदच्या दशकात प्युर्टो रिकोच्या वस्त्यांमधून एक संगीत निघालं. तेव्हा त्याला ‘अंडरग्राउंड’ म्हणायचे, पुढे रेगेटोन म्हणू लागले. तोंडाला येईल ते बोल, कंबर मोडेस्तोवर ठेका, कॅसेट हातोहात. १९९५ साली सान हुआनमध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घातले आणि कॅसेट जप्त केल्या. अश्लील म्हणून. पोलिसांनी छापा घातला म्हटल्यावर ज्यांनी ऐकली नव्हती त्यांनीही ती कॅसेट शोधायला सुरुवात केली असणार. तेवढी अक्कल पोरांना असतेच.

मग २००२ साली तिथल्या सिनेटर वेल्दा गोन्सालेस ह्यांनी ह्या संगीताच्या नाचाविरुद्ध आघाडी उघडली. नाच अशोभनीय आहे, पोरं बिघडतील. विषय सिनेटमध्ये गाजला. दोन वर्षांनी, २००४ साली, डॅडी यांकीचं ‘गॅसोलिना’ हे गाणं आलं आणि सिनेट बसली होती तिथली खुर्चीसुद्धा हलायला लागली. त्याच वर्षी युवा पुरस्कार सुरू झाले, त्यामुळे हे सगळं मोजायला एक यंत्रही तयार होतं. ज्याच्या कॅसेट पोलिसांनी उचलल्या होत्या ते संगीत आता रंगमंचावर नाचत येऊन पुरस्कार उचलू लागलं.

गोष्ट इथे संपत नाही. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत ‘गॅसोलिना’ घेतलं. म्हणजे एका पिढीत तीन सरकारी नोंदी झाल्या. आधी मुद्देमाल, मग सभागृहातला प्रश्न, शेवटी राष्ट्राची संपत्ती. संगीत तेच. फक्त त्यावर नाचलेली पोरं अधिकारी झाली.

सान हुआनमध्येच २००४ साली एक भलंमोठं बंदिस्त स्टेडियम उघडलं. त्याला नाव दिलंय होसे मिगेल आग्रेलोत यांचं. हे कोण? गव्हर्नर? जनरल? क्रीडामंत्री? नाही. विनोदी नट. आयुष्यभर लोकांना हसवलं म्हणून बेटावरच्या सगळ्यात मोठ्या सभागृहावर त्यांचं नाव. लोक लाडाने ‘एल चोली’ म्हणतात. मियामीत वाढलेला युवा सोहळा २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षं ह्याच चोलीत भरला. आपल्याकडे स्टेडियमला विनोदी माणसाचं नाव देण्याची सोय नाही असं नाही. पण ज्यांची दिली आहेत त्यांनी विनोद जाणूनबुजून केले नव्हते.

* * *

वाहिनीच्या साहेबांची कथा जास्त करुण आहे, कारण तिच्यात पैसे बुडाले.

युनिव्हिजन ही काही भाषासेवा करायला निघालेली संस्था नव्हे. तिला साबण, मोबाइल, मोटारी विकायच्या असतात. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत हिस्पॅनिक म्हणवणारे ६ कोटी २१ लाख लोक निघाले, जवळजवळ दर पाच माणसांत एक. एवढा मोठा बाजार आईच्या भाषेत बोलावला तर येतो, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण मग साहेबांना काळजी पडली. ही नवी पोरं इथेच जन्मलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, आपसांत इंग्रजीत बोलणारी. ही स्पॅनिश टीव्ही कशाला बघतील? मग सल्लागार आले, सादरीकरणं झाली आणि २०१३ साली डिस्नेच्या एबीसीबरोबर भागीदारीत ‘फ्युजन’ नावाची वाहिनी निघाली. तरुण लॅटिनोंसाठी खास. इंग्रजीत.

तरुण लॅटिनोंनी ती बघितली नाही.

डिस्नेने २०१६ साली अंग काढून घेतलं. २०२१ च्या अखेरीस वाहिनीने डोळे मिटले. आणि त्याच काळात, ओळीने २०२०, २०२१ आणि २०२२ साली, स्पॉटिफायवर साऱ्या जगात सर्वाधिक ऐकला गेलेला कलाकार कोण होता? बॅड बनी. प्युर्टो रिकोच्या बेगा बाहा गावचा बेनितो, किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणारा. गातो कशात? स्पॅनिशमध्ये. तीही सोवळ्यातली नव्हे. प्युर्टो रिकोची, शब्दांची शेपटं खाणारी, मधूनच इंग्रजी डकवणारी, जी ऐकून माद्रिदच्या प्राध्यापकांची कानशिलं तापावीत अशी. २००४ साली हा बेनितो दहा वर्षांचा होता. साहेब ज्या पोरांबद्दल आकडेमोड करत होते, त्यांच्यातलाच एक.

आता ह्यात घरच्यांनीही हात धुऊन घेतले, हे सांगायला हवं. तिथली जी पोरं स्पॅनिश मोडकं बोलतात त्यांना ‘नो साबो’ म्हणून चिडवतात. ‘मला ठाऊक नाही’ हे सांगतानाही बिचाऱ्यांचं क्रियापद चुकतं म्हणून. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालात ज्या लॅटिनोंना स्पॅनिश जेमतेम येतं किंवा येत नाही, त्यांतल्या ५४ टक्क्यांनी सांगितलं की आपल्याच लोकांनी आपल्याला ह्यावरून लाज वाटायला लावली. आधी शाळेने आजोबांना स्पॅनिश बोलतो म्हणून मारलं. आजोबा धडा घेऊन पोरांशी घरात इंग्रजी बोलले. आणि आता मावश्या नातवंडांना विचारतात, ‘काय रे, स्वतःची भाषा नाही येत?’ न्यू जर्सीत आणि बे एरियात मंडळाच्या गणपतीला जमणाऱ्या मराठी मावश्यांनी इथे उगीच पदर सावरू नये. एखाद्या पोराने ‘मी पोहे खाल्ली’ म्हटल्यावर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्याने हसलं की ते पोर पुढच्या वर्षी येत नाही, आणि मग मंडळाच्या सभेत ठराव होतो : तरुणांचा सहभाग का घटतोय?

ज्यांना हसायचं आहे त्यांनी सेलेनाचं नाव आठवावं. टेक्सासची सेलेना किंतानिया, तेहानो संगीताची राणी. घरची भाषा इंग्रजी. स्पॅनिश गाणी सुरुवातीला वडिलांनी उच्चार घोकून घेऊन बसवलेली. स्पॅनिश पुढे शिकली, गाता गाता. १९९५ साली, चोवीस पुरी व्हायच्या आत, ती गेली. आजही ज्यांचं स्पॅनिश बिनचूक आहे त्यांच्यातले कितीतरी जण सेलेना ऐकून रडतात. क्रियापदं तपासून कुणी रडत नाही.

* * *

आता राष्ट्राध्यक्ष. ह्यांचं युनिव्हिजनशी नातं म्हणजे आपल्याकडच्या मालिकेला लाजवेल असं.

१६ जून २०१५ ला डोनाल्ड ट्रम्प आपली उमेदवारी जाहीर करायला सरकत्या जिन्यावरून खाली आले आणि मेक्सिकोतून येणाऱ्यांविषयी जे बोलायचं ते बोलले. नऊ दिवसांत युनिव्हिजनने त्यांच्या मिस यूएसए सौंदर्यस्पर्धेचं प्रक्षेपण रद्द केलं. त्यांनी वाहिनीवर ५० कोटी डॉलरचा दावा ठोकला. ऑगस्टमध्ये आयोवातल्या एका पत्रकार परिषदेत वाहिनीचे नामांकित वृत्तनिवेदक होर्हे रामोस प्रश्न विचारायला उभे राहिले, तेव्हा ट्रम्प म्हणाले, परत युनिव्हिजनला जा. आणि रामोसना बाहेर काढलं.

रामोस परत गेले. दाव्यात पुढल्या वर्षी समझोता झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात ट्रम्प स्वतःच युनिव्हिजनच्या पडद्यावर आले, तासाभराच्या, फारशा न टोचणाऱ्या मुलाखतीसाठी. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, जॉन लेग्विसामोसारख्या नटाने बहिष्काराची हाक दिली. २०२४ च्या ऑक्टोबरात ट्रम्प त्याच वाहिनीच्या जाहीर सभेत मतदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला हजर. आणि वर्षअखेरीस, जवळपास चार दशकांनंतर, रामोस वाहिनीतून बाहेर पडले. ज्यांना ‘परत जा’ म्हटलं ते निघाले आणि ज्यांनी म्हटलं ते आत आले. बाजाराला भाषा कळते. लाज कळतेच असं नाही.

ट्रम्प पुन्हा सत्तेवर आल्यावर व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरचं स्पॅनिश पान गायब झालं. १ मार्च २०२५ ला इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा आदेश निघाला. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या स्थलांतर तपासण्यांवरचे निर्बंध उठवले. खालच्या कोर्टाने बजावलं होतं की माणसाचं दिसणं, त्याचं स्पॅनिश बोलणं किंवा उभं राहण्याची जागा एवढ्यावरून त्याला अडवायचं नाही. ते बजावणं स्थगित. लक्षात घ्या, स्पॅनिश फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावात १५६५ पासून बोललं जातंय. इंग्रजांनी जेम्सटाउन वसवलं १६०७ मध्ये. म्हणजे बेचाळीस वर्षं उशिरा आलेला भाडेकरू घरमालकाकडे ओळखपत्र मागतोय.

* * *

ह्या पार्श्वभूमीवर पुरस्कारांच्या दुनियेत काय चाललं होतं ते बघा.

फेब्रुवारी २०२३. खऱ्या, मोठ्या, इंग्रजी ग्रॅमीचा सोहळा. बॅड बनीचा अल्बम वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमच्या यादीत. पूर्ण स्पॅनिश अल्बम त्या यादीत येण्याची पहिलीच वेळ. बेनितो रंगमंचावर आला, ढोल वाजले, नाचणारे आले. घरोघरी कर्णबधिर प्रेक्षक पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी वाचायला बसले, तर तिथे लिहून आलं : ‘इंग्रजी नसलेल्या भाषेत गात आहे.’ मग त्याने पुरस्कार स्वीकारून भाषण केलं. खाली : ‘इंग्रजी नसलेल्या भाषेत बोलत आहे.’ सहा कोटींचा समाज आणि त्यांच्या बोलण्याची एवढीच नोंद, की ते दुसरं काहीतरी नाही. सोहळा दाखवणाऱ्या वाहिनीच्या प्रमुखांना मागाहून जाहीरपणे चूक कबूल करावी लागली.

तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२६ मध्ये, तोच ग्रॅमी त्याला मिळाला. वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम, स्पॅनिश भाषेतला पहिलाच. जाणकारांना जे २०२६ साली उमगलं त्यावर पोरं कधीच मत देऊन मोकळी झाली होती. वरातीमागून घोडं आलं खरं, पण आलं सोन्याची झूल घालून.

आठवड्याभरात सुपर बोलचा मध्यंतर. अमेरिकन फुटबॉलचा महाकुंभ, त्यात बेनितोचा कार्यक्रम, जवळजवळ संपूर्ण स्पॅनिशमध्ये. नाव जाहीर झालं तेव्हापासूनच एका वर्गाच्या पोटात दुखत होतं. ह्याला परत पाठवा म्हणाले. कुठे? प्युर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. त्याला परत पाठवायचं तर अमेरिकेतून अमेरिकेत पाठवावं लागेल. देशभक्तांनी मग त्याच वेळी स्वतःचा वेगळा ‘अस्सल अमेरिकन’ कार्यक्रम भरवला. बेनितोने आधीच एका विनोदी कार्यक्रमात हसत हसत सांगून ठेवलं होतं की ज्यांना कळत नाही त्यांच्याकडे शिकायला चार महिने आहेत. कार्यक्रम झाल्यावर राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं की ह्या माणसाचं अक्षरही कुणाला कळत नाही. चार महिने वाया गेले म्हणायचे.

* * *

आणि आमचा युवा सोहळा? २०२५ चा प्रेमिओस हुवेंतुद भरला पनामा सिटीत, सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाच्या त्या आदेशाला तीन आठवडे उलटायच्या आत. ह्यात कार्यकारणभाव शोधू नका. वाहिन्या असे बेत भावनेच्या भरात नव्हे, हिशेबाच्या वहीत करतात. पण हिशेबाच्या वहीलाही कधीकधी विनोदबुद्धी असते.

पनामा कालवा अमेरिकेने १९१४ साली पुरा केला. खणायला माणसं आणली बार्बाडोस, जमैकासारख्या बेटांवरून. काळी, स्वस्त, मेली तरी चालतील अशी. कालवा झाला, माणसं तिथेच राहिली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी ऐंशीच्या दशकात जमैकाचं रेगे स्पॅनिशमध्ये गायला सुरुवात केली. एल हेनेराल हे त्यातलं मोठं नाव. तेच गाणं न्यूयॉर्कमार्गे प्युर्टो रिकोला गेलं, पोलिसांच्या हाती लागलं, सिनेटमध्ये बदनाम झालं, युवा पुरस्कारांत मिरवलं आणि सुपर बोलच्या मैदानात जाऊन बसलं. ज्या कालव्यावर ट्रम्प शपथ घेतल्या घेतल्या हक्क सांगत होते, त्याच्याच मातीतून. कालवा परत मागताना सोबत काय काय येतं ते एकदा तपासून घ्यायला हवं होतं.

ह्या सगळ्यात भाषेच्या भल्यासाठी कुणी काय केलं, तर कुणीच काही नाही. युनिव्हिजनने साबण विकला. पोरांनी मतं दिली, तीही भाषेला नव्हे, झोप उडवणाऱ्या पोरीला आणि नस कापायला लावणाऱ्या गाण्याला. पण ज्या भाषेत झोप उडते ती भाषा पेटीत घालून पुरता येत नाही. मास्तरांना हे कळलं नाही, साहेबांना कळलं नाही. दोघांकडेही पदव्या होत्या.

आपल्याकडे चित्र आशादायक आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सादर करून. पुढच्या वीस वर्षांचा एखादा पुरावा आहे का, असं केंद्राने विचारलं नाही आणि आपणही आपणहून काही बोललो नाही. प्रेक्षकांच्या मतांवर चालणारे ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’सारखे सोहळे आपल्याकडेही होतात. पण त्यांचा भाषेशी काही संबंध आहे असं आपल्या विचारवंतांना वाटत नाही, ते थिल्लर असतात. भाषेसाठी आपण २७ फेब्रुवारीला गंभीरपणे कार्यक्रम करतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, चार सत्कार, आणि तरुणांना सहभागी करून घ्यावं म्हणून त्यांच्यासाठी निबंधस्पर्धा. परीक्षक तीन, सगळे निवृत्त. विषय त्यांनीच एकमताने काढलेला : ‘आजच्या तरुणांना मराठीची गोडी का वाटत नाही?’